गावच्या सर्वेक्षणाचा आलेख काढायचाय? आधी चलाचा प्रकार ठरवा

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षातली रावेची (गावात राहून शेतीच्या कामाचा अनुभव घ्यायच्या कार्यक्रमाची) मुलं, समाजकार्य आणि नर्सिंगची मुलं-मुली दरवर्षी आमच्या वर्धा-यवतमाळकडच्या गावांमध्ये येतात. घरोघरी फिरून माहिती गोळा करतात, वह्या भरतात, आणि अहवाल द्यायची तारीख जवळ आली की एकच प्रश्न विचारतात, "दादा, याचा ग्राफ कोणता काढू?" मीही याच वाटेने गेलो आणि पुढे अनेक गटांसोबत हे काम केलं. ज्यांची ही पहिलीच वेळ आहे त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहून ठेवतो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. आलेख कोणता काढायचा हे चलाच्या प्रकारावर ठरतं, आणि चलाचा प्रकार ठरतो तुम्ही कास्तकाराच्या दारात प्रश्न कसा विचारला त्यावर. म्हणून आलेखाची तयारी गावात पाय ठेवण्याआधी करायची. चल म्हणजे घरागणिक, माणसागणिक किंवा दिवसागणिक बदलणारी, तुम्ही नोंदवत असलेली कोणतीही गोष्ट: जमीन, पीक, वय, पाऊस, रेशनकार्डाचा रंग.

जवळ काय ठेवायचं

- कॉलेजचं पत्र. एक प्रत ग्रामपंचायतीला द्या. अंगणवाडीतल्या मुलांची वजनं-उंची हवी असेल तर पर्यवेक्षिकेची परवानगी आधी घ्या.
- ग्रामपंचायतीकडची घरांची यादी.
- प्रश्नावलीची एक जादा प्रत, समासात लिहायला भरपूर जागा असलेली.
- एक वेगळी 'संकेत वही'. कोणत्या आकड्याचा अर्थ काय, हे फक्त तिच्यात लिहायचं.
- आलेख कागद, पट्टी, पेन्सिल. संगणक असला तरी पहिला आलेख हातानेच काढा.
- एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस कॅल्क, यांपैकी एक काहीही चालेल.

१. प्रश्नावली छापण्याआधी प्रत्येक प्रश्नासमोर प्रकार लिहा

जादा प्रत घ्या आणि समासात प्रत्येक प्रश्नासमोर पुढच्यापैकी एक शब्द लिहा.

नामवाचक: उत्तर म्हणजे फक्त नाव, त्यात लहान-मोठं काही नाही. पीक कोणतं, पाण्याचा स्रोत विहीर की बोअर, वावर ओलीत की कोरडवाहू.

क्रमवाचक: उत्तरांना क्रम आहे, पण दोन पायऱ्यांमधलं अंतर मोजता येत नाही. बोंडअळीचा प्रादुर्भाव नाही, कमी, मध्यम, जास्त. रेशनकार्डाचे पिवळा, केशरी, पांढरा हे रंग ऐकायला नुसती नावं वाटतात, पण त्यांच्यामागे उत्पन्नाचा क्रम आहे, म्हणून तेही इथेच.

संख्यात्मक खंडित: मोजून येणारे पूर्ण आकडे. घरात माणसं किती, बैल किती, युरियाच्या बॅगा किती टाकल्या.

संख्यात्मक अखंडित: मापून येणारे आकडे, ज्यांच्या मध्ये कितीही बारीक किंमत असू शकते. एकर, क्विंटल, मिलिमीटर पाऊस, बाळाचं वजन.

पुस्तकात तुम्हाला नाम, क्रम, अंतर आणि गुणोत्तर अशा चार श्रेणी सापडतील. ही मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली केली. गुणोत्तर श्रेणीला 'काहीच नाही' असं खरं शून्य असतं, अंतर श्रेणीला नसतं. गावच्या कामात हा भेद क्वचित लागतो, पण दोन ठिकाणी नक्की लागतो. एक, तापमान. सेल्सिअसमधलं शून्य म्हणजे पाणी गोठण्याची खूण, उष्णता संपण्याची नव्हे, त्यामुळे मे महिन्यातलं ४४ अंश हे २२ अंशांच्या दुप्पट गरम असं म्हणता येत नाही. दोन, माती परीक्षणाच्या पत्रिकेतला सामू (पीएच). सामू ७ वरून ८ झाला की आम्लता निर्माण करणाऱ्या हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहा पटींनी घटतं. म्हणून 'सामू इतक्या टक्क्यांनी वाढला' असं वाक्य अहवालात येऊ देऊ नका. बाकी जमीन, उत्पन्न, पाऊस, वजन यांना खरं शून्य आहे. तिथे दुप्पट, तिप्पट, टक्के सगळं चालतं.

२. शक्य तिथे आकडाच विचारा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. आकड्यावरून गट करता येतो, गटावरून आकडा परत मिळत नाही.

प्रश्नावलीत बहुतेक वेळा जमिनीचे तयार गट छापलेले असतात: १ हेक्टरपर्यंत, १ ते २, २ ते ४, ४ ते १०, १० हून अधिक. अत्यल्प, अल्प, अर्ध-मध्यम, मध्यम आणि मोठे भूधारक ही सरकारी विभागणी आहे, तिचा उपयोगही आहे. पण तुम्ही नुसती चौकटीत खूण केली की जमीन हा अखंडित चल तिथेच क्रमवाचक झाला. आता सरासरी गेली, आकड्यातला मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) गेला, जमीन आणि उत्पन्न यांचा संबंध दाखवणारा आलेखही गेला. त्याऐवजी "शेती किती आहे, काकाजी?" असं विचारा आणि जे सांगतील ते आकड्यात लिहा. गट घरी बसून पाडता येतात.

पावसाचंही तसंच. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. ६४ आणि ६६ हे जवळजवळ सारखे पाऊस, पण 'अतिवृष्टी: हो किंवा नाही' एवढंच लिहिलंत तर कागदावर ते दोन टोकांना जाऊन बसतात. अंगणवाडीत दंडघेर मोजताना ६ महिने ते ५ वर्षांच्या बाळासाठी ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, ११.५ ते १२.५ पिवळा आणि त्यावर हिरवा पट्टा असतो. ताईंना लगेच निर्णय घ्यायला रंग पुरतो. तुम्ही मात्र रंगाशेजारी सेंटिमीटरही लिहा.

शिक्षणाचा प्रश्न 'निरक्षर, प्राथमिक, माध्यमिक' असा विचारण्याऐवजी "कितवीपर्यंत शिकलात?" असा विचारा. उत्तर देणाऱ्यालाही ते सोपं जातं.

३. एकक दारातच पक्कं करा

इथे जितका घोळ होतो तितका पुढे कुठेच होत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १०० आर म्हणजे १ हेक्टर, म्हणून १.२० म्हणजे खरोखरच १.२० हेक्टर. पण बोलण्यात आणि जुन्या वहीत एकर-गुंठे असतात, आणि एकरात ४० गुंठे. कोणी '२.२०' लिहून दिलं आणि त्याचा अर्थ २ एकर २० गुंठे असेल, तर ती जमीन अडीच एकर आहे. एक्सेलमध्ये २.२० टाकलंत की प्रत्येक घरामागे असा थोडा थोडा तुकडा गायब होतो, आणि शेवटी बेरीज जुळत नाही तेव्हा कोणालाच कारण सापडत नाही. एकर आणि गुंठे दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. नंतर गुंठ्यांना ४० ने भागून एकरात मिळवा. हेक्टरचे एकर करायचे तर २.४७ ने गुणा.

पूर्वेकडे, भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात गेलात तर धान पायली आणि खंडीत सांगतात. खंडीचं वजन गावोगाव सारखं धरू नका. "तुमच्याकडं खंडी किती किलोची?" हे त्याच घरी विचारा आणि बाजूला लिहा.

कापसाचं उत्पन्न विचारताना "किती झाला?" एवढ्यावर थांबू नका. एकरी किती की एकूण किती? सगळ्या वेच्यांचा मिळून की आतापर्यंतचा? दिवाळीच्या सुमाराला गेलात तर वेचाई चालूच असते, आणि डिसेंबरात गेलेल्या गटाचा आकडा मोठा येतो. एका तक्त्यात हे दोन मिसळले की त्यातून निघणारा कोणताही आलेख खोटा.

वय विचारलंत तर ४०, ४५, ५०, ५५ हेच आकडे जास्त येतील. लोक ठोकळ्याने सांगतात. म्हाताऱ्या माणसांना एखादी घटना धरून विचारा: "आजी, इंदिरा गांधी गेल्या तेव्हा तुमचा मोठा मुलगा केवढा होता?" ते साल १९८४. त्यावरून वय बरंच नेमकं निघतं.

४. तक्ता: एक ओळ एक घर, एक रकाना एक चल

संगणकात भरताना हा नियम मोडू नका. एका घराची तीन वावरं असतील आणि प्रत्येकाचं पीक वेगळं लिहायचं असेल, तर वावरांसाठी दुसरा तक्ता करा. त्यात एक ओळ म्हणजे एक वावर, आणि घर क्रमांक दोन्ही तक्त्यांत सारखा.

भरताना हमखास अडणाऱ्या जागा:

'3 एकर' असं टाकलंत तर तो मजकूर होतो, संख्या राहत नाही. एकक रकान्याच्या डोक्यावर लिहा, खाली फक्त आकडा. तक्त्यात आकडे इंग्रजी लिपीतलेच ठेवा, मिसळू नका.

'2-5' असं टाकलंत तर एक्सेल त्याची तारीख करतं, २ मे किंवा ५ फेब्रुवारी. '2 ते 5' लिहा, किंवा रकाना आधीच मजकुराचा करून ठेवा.

शून्य आणि कोरं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाऊस पडला नाही तर ०. त्या दिवशी पर्जन्यमापक बंद होता तर रकाना कोरा. बैल नाहीत तर ०, उत्तर दिलं नाही तर कोरा. कोऱ्या जागी ० भरलंत तर सरासरी खाली येते आणि रेषा मधेच जमिनीला टेकते.

संकेतांक म्हणजे संख्या नव्हे. कापूस १, सोयाबीन २, तूर ३ असे संकेतांक दिलेत आणि पिव्होट टेबल (एक्सेलमध्ये आपोआप तयार होणारा गोषवाऱ्याचा तक्ता) केलंत, तर एक्सेल रकान्यात आकडे बघून त्यांची बेरीज करायला लागतं. त्याला मोजणीवर आणावं लागतं. जमिनीचा गट क्रमांक, पिन कोड, मोबाइल नंबर हेही आकड्यांत लिहिलेली नावंच आहेत. ओळखायची सोपी रीत: दोन उत्तरांची सरासरी काढून बघा. गट क्रमांक ४० आणि ६० यांची सरासरी ५० निघते, आणि त्या ५० नंबरच्या वावराचा या दोघांशी काही संबंध नसतो.

५. आता आलेख: आधी नामवाचक आणि क्रमवाचक

यांच्यासाठी स्तंभालेख. बहुतेक वेळा एवढंच पुरतं.

नामवाचक चलाचे स्तंभ उंचीप्रमाणे लावा, सर्वांत मोठा आधी, 'इतर' सर्वांत शेवटी. क्रमवाचक चलाचे स्तंभ मात्र उंचीप्रमाणे कधीही लावू नका. नाही, कमी, मध्यम, जास्त हाच क्रम ठेवा, कारण क्रम हीच तिथली माहिती आहे. संगणक बऱ्याचदा हे पर्याय अक्षरांच्या क्रमाने लावून टाकतो, तो हाताने दुरुस्त करा. आणि प्रादुर्भावाला ०, १, २, ३ देऊन 'सरासरी प्रादुर्भाव १.७' असं लिहू नका. कोणत्या पर्यायात किती घरं, हे सांगितलंत की वाचणाऱ्याला कळतं. मध्यक, म्हणजे मधोमधच्या घराचा पर्याय, सांगितला तरी चालतो.

नावं लांब असतील तर स्तंभ आडवे काढा. विदर्भाचे ११ जिल्हे घ्या. २०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४६.५ लाख, अमरावती २८.९, यवतमाळ २७.७, बुलढाणा २५.९ आणि सर्वांत कमी गडचिरोली १०.७ लाख. आडव्या स्तंभांत हे एका नजरेत दिसतं. याचाच वृत्तालेख (पाय चार्ट) केलात तर ११ फोडी होतात, आणि वर्धा, भंडारा, वाशीम यांतली मोठी फोड कोणती हे कोणालाही सांगता येत नाही.

वृत्तालेखाच्या दोन अटी आहेत: सगळ्या फोडी मिळून एकच पूर्ण वस्तू झाली पाहिजे, आणि फोडी चार-पाचच असाव्यात. एका घराला एकच रेशनकार्ड, म्हणून कार्डाच्या रंगाचा वृत्तालेख चालतो. "कोणती पिकं घेता?" याचा चालत नाही. समजा ४० घरांपैकी ३० घरी कापूस, २८ घरी सोयाबीन आणि २५ घरी तूर आहे. बेरीज ८३, घरं ४०. आपल्याकडे कापसात तुरीचे तास असतातच, एकच वावर दोनदा मोजलं जातं. इथे स्तंभालेख काढा आणि खाली लिहा: '४० घरांपैकी, एका घरी एकाहून अधिक पिकं.' पिकाखालचं क्षेत्र वेगळं विचारलं असेल तर त्या एकरांचा वृत्तालेख करता येईल, आंतरपिकाचं क्षेत्र कसं वाटलं ते सांगून.

स्तंभालेखाची उभी अक्षरेषा शून्यापासूनच सुरू झाली पाहिजे. २०११ मध्ये हजार पुरुषांमागे स्त्रिया गोंदिया जिल्ह्यात ९९९ आणि वाशीममध्ये ९३०. अक्ष ९२० पासून सुरू केला तर गोंदियाचा स्तंभ वाशीमच्या जवळजवळ आठ पट उंच दिसतो. प्रत्यक्षात फरक साडेसात टक्क्यांचा आहे. किमती जवळजवळ असल्या की एक्सेल स्वतःहूनच अक्ष वर उचलतं, म्हणून काढून झाल्यावर डावीकडे खालचा आकडा बघायची सवय लावा. असा बारीक फरकच दाखवायचा असेल तर स्तंभांऐवजी बिंदू मांडा. स्तंभाची लांबी डोळा मोजतो, बिंदूची जागा बघतो, म्हणून बिंदूंच्या आलेखाला शून्याची सक्ती नाही.

दोन गावांची तुलना करताना एकीकडे ४० घरं आणि दुसरीकडे २५ असतील तर टक्केवारीचे विभाजित स्तंभ (एकाच स्तंभाचे पर्यायांप्रमाणे भाग पाडलेले) काढा आणि प्रत्येक स्तंभाखाली घरांची संख्या लिहा. २५ घरांत एक घर म्हणजे ४ टक्के, हे वाचणाऱ्याला दिसायला हवं.

६. अखंडित चलासाठी आयतालेख, आणि त्यातला सर्वांत मोठा खड्डा

आयतालेख (हिस्टोग्राम) स्तंभालेखासारखा दिसतो, पण त्यात आडव्या अक्षावर खरी मोजपट्टी असते. म्हणून आयत एकमेकांना चिकटलेले, मध्ये फट नाही. पिकांच्या स्तंभांमध्ये फट असते, कारण कापूस आणि सोयाबीन यांच्या मध्ये काहीच नसतं. २ एकर आणि ३ एकर यांच्या मध्ये मात्र अडीच असतो.

वर्ग पाडताना सीमेवरचा आकडा कुठे टाकायचा ते आधी ठरवा. शाळेत शिकवतात ती रीत अशी: वरची मर्यादा त्या वर्गात धरायची नाही, पुढच्या वर्गात धरायची. एक्सेल याच्या उलट करतं, वरची मर्यादा त्याच वर्गात धरतं. लोक ५ एकर, १० एकर असे गोल आकडे सांगत असल्यामुळे हातचा आलेख आणि संगणकाचा आलेख यांत बराच फरक पडतो. कोणती रीत वापरली ते खाली लिहा.

आता खड्डा. वर्गांची रुंदी सारखी नसेल तर आयताची उंची म्हणजे घरांची संख्या हे चालत नाही. समजा ४० घरं अशी आहेत:

० ते २.५ एकर: १२ घरं
२.५ ते ५ एकर: १४ घरं
५ ते १० एकर: १० घरं
१० ते २५ एकर: ४ घरं

तिसरा वर्ग पहिल्याच्या दुप्पट रुंद, चौथा सहा पट. उंची नुसती १२, १४, १०, ४ अशी काढलीत तर तिसरा आणि चौथा आयत कागदाचा मोठा भाग व्यापतात आणि गावात मोठे कास्तकारच जास्त आहेत असं वाटतं. आयतालेखात डोळा क्षेत्रफळ बघतो. म्हणून घरांच्या संख्येला वर्गाच्या रुंदीने भागा: १२ भागिले २.५ म्हणजे ४.८, १४ भागिले २.५ म्हणजे ५.६, १० भागिले ५ म्हणजे २, आणि ४ भागिले १५ म्हणजे ०.२७. या उंचीचे आयत काढा, उभ्या अक्षावर 'दर एकर रुंदीमागे घरं' असं लिहा. आता शेवटचा आयत लांब आणि अगदी बुटका दिसेल, आणि गावाचं चित्रही तसंच आहे. हे हिशेब नको असतील तर सगळे वर्ग सारख्याच रुंदीचे करा. नव्या माणसाने हेच करावं.

वर्ग किती? ४० घरांना सहा-सात पुरतात. फार बारीक पाडलेत तर ५ आणि १० वर सुळके येतात, आणि ते सुळके लोकांच्या गोल आकड्यांचे असतात, जमिनीचे नव्हेत. आणि घरं जेमतेम १०-१५ असतील तर आयतालेख काढूच नका, रेषेवर प्रत्येक घराचा एक बिंदू द्या.

जमिनीचा आयतालेख जवळजवळ नेहमी उजवीकडे लांब शेपूट काढतो. तिथे सरासरी फसवते. नऊ घरांची जमीन २, २, ३, ३, ४, ४, ५, ५ आणि ४० एकर असेल तर सरासरी ७.६ एकर येते, आणि नवांपैकी आठ घरं तिच्या खाली असतात. मध्यक ४ एकर. कर्जाचे, मदतीचे निष्कर्ष अशा सरासरीवर काढले तर लहान कास्तकार त्यात दिसतच नाही. जमीन, उत्पन्न, कर्ज यांच्यासाठी मध्यक सांगा. दोन-तीन वस्त्यांची तुलना करायची असेल तर बॉक्स प्लॉट काढा, अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी रूढ केलेला. त्यात मध्यक, मधली अर्धी घरं आणि टोकाची घरं एकाच चित्रात दिसतात.

खंडित चलासाठी, म्हणजे बैल किंवा माणसं, साधे सुटे स्तंभ. तिथे अडीच बैल नसतात.

७. काळ आला की रेषा

दिवस, महिना, साल यांना खरा क्रम आणि सारखं अंतर असतं, म्हणून तिथे बिंदू जोडता येतात. कापूस, सोयाबीन, तूर यांच्या उंचीचे बिंदू रेषेने जोडू नका. कापसाकडून सोयाबीनकडे जाताना वाटेत काहीही नाही. १७८६ साली स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर यांनी व्यापाराचे रेषालेख छापले, पण आपल्याच देशाचे त्यांच्याजवळ एकाच वर्षाचे आकडे होते. तिथे त्यांनी रेषा न ओढता स्तंभ काढले. आजही निवड त्याच कसोटीवर करायची.

पावसाचे रोजचे आकडे स्तंभात आणि हंगामाची एकूण बेरीज चढत्या रेषेत दाखवा. त्या रेषेत आडवा सपाट भाग दिसेल तो पावसाचा खंड. पेरणीनंतर तसा भाग आला तर दुबार पेरणी काऊन करावी लागली, हे आलेखच सांगतो. तारखेकडे मात्र लक्ष द्या. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो मागच्या २४ तासांचा असतो. म्हणजे १५ जुलैच्या नावावरचा पाऊस बराचसा १४ तारखेला दिवसा आणि रात्री पडलेला असतो. कास्तकार म्हणेल १४ ला पडला, तक्ता म्हणेल १५, आणि दोघंही बरोबर.

बाजार समितीचे भाव मांडताना सुट्टीच्या दिवशी ० टाकू नका, जागा कोरी सोडा.

८. दोन संख्यात्मक चल: विकिरण आलेख

प्रत्येक वावराचा एक बिंदू. ज्याचा परिणाम बघायचा तो स्वतंत्र चल आडव्या अक्षावर, ज्याच्यावर परिणाम होतो तो अवलंबी चल उभ्या अक्षावर. एकरी खताचा खर्च आडवा, एकरी कापूस उभा. दोन्ही आकडे एकरी असले पाहिजेत. एकूण खत आणि एकूण कापूस घेतलात तर मोठं वावर वर-उजवीकडे जाणारच, त्यातून खताबद्दल काहीच कळत नाही.

बिंदू चढते दिसले म्हणून 'खत वाढवल्याने उत्पन्न वाढतं' असं लगेच लिहू नका. ज्याच्याकडे विहीर आहे तो खतही जास्त घालतो आणि त्याला कापूसही जास्त होतो. ओलिताचे बिंदू भरीव आणि कोरडवाहूचे पोकळ काढा. दोन्ही गट वेगवेगळे बघितल्यावरही चढ राहतो का, ते तपासा. इथेच नामवाचक चल कामाला येतो.

९. छापण्याआधी

शीर्षकात काय, कुठलं, कधीचं हे तिन्ही हवं: 'खरीप हंगामातली पिकं, गाव अमुक, ४० घरं, नोव्हेंबर.' अक्षांवर एकक. उठावाचे स्तंभ, तिरका वृत्तालेख, सावल्या काढून टाका, त्यांनी उंची चुकीची वाचली जाते.

अहवालाची झेरॉक्स काळी-पांढरीच निघणार आहे. लाल आणि हिरवा त्यात सारखेच दिसतात. रंगांऐवजी आडव्या-तिरप्या रेघा, ठिपके वापरा. ग्रामसभेत दाखवायचा असेल तर मोठ्या कागदावर फक्त स्तंभालेख न्या आणि स्तंभावरच आकडा लिहा. बॉक्स प्लॉट तिथे समजावत बसू नका.

आणि गावाला आलेख देण्याआधी त्यात कोणी ओळखू येतं का ते बघा. नावं तुम्ही काढलीत, पण ४० एकरांचा बिंदू कोणाचा हे चावडीवरच्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि त्याच बिंदूसमोर कर्जाचा आकडा असेल तर तो घरचा हिशेब चव्हाट्यावर आला. गावासाठी विकिरण आलेखातून असे एकटे बिंदू काढा. आयतालेखात '१५ एकरांहून अधिक' असा खुला वर्ग केलात तर त्याला रुंदी नसल्यामुळे आयत काढता येत नाही, म्हणून ती घरं किती एवढंच आलेखाखाली टिपेत लिहा. पूर्ण तक्ता, घर क्रमांकांसह, फक्त तुमच्या मार्गदर्शकांकडे ठेवा आणि संकेत वही त्यासोबत जोडा.